स्वभावचाचणीनं तुम्हाला काय सांगितलं? (ऑफिस, सहकारी आणि आपण)

ओवी_७
मागच्या महिन्यात आमच्या अख्ख्या टीमनं एमबीटीआय नावाची स्वभावचाचणी दिली. त्र्याण्णव प्रश्न, आणि मग निकालावर अर्ध्या दिवसाची कार्यशाळा. प्रशिक्षक बाईंनी जमिनीवर चिकटपट्टीची लांब रेघ मारली होती. एका टोकाला अंतर्मुख, दुसऱ्या टोकाला बहिर्मुख, आपापल्या जागी जाऊन उभं राहायचं. मी एका टोकाला, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीतला सहकारी (त्याला इथे 'म' म्हणते) बरोब्बर दुसऱ्या टोकाला. दोघंतिघं मध्ये उभे होते, त्यांना सांगितलं, "एक बाजू निवडा."

निकाल चार अक्षरांत येतो, प्रत्येक अक्षर दोन उलट बाजूंपैकी एक (आय म्हणजे अंतर्मुख, ई म्हणजे बहिर्मुख, असं). माझा निकाल आयएसएफजे, मचा ईएनटीपी. चारही अक्षरं उलटी. म रोज साडेचारच्या सुमाराला उघडा लॅपटॉप हातावर घेऊन येतो, "दोन मिनिटं आहेत?" म्हणतो, आणि सव्वासहाला उठतो. तोवर माझं काम तसंच पडलेलं. चाचणीनंतर मला पहिल्यांदा वाटलं की हा मुद्दाम करत नाही, त्याचा विचार बोलता बोलताच होतो. आठवडाभर फार हलकं वाटलं.

मग तिमाहीचं क्लायंट प्रेझेंटेशन आलं. सगळे आकडे मी काढलेले, स्लाइड्स माझ्या. मॅनेजर म्हणाले, "म करेल सादर. तू अंतर्मुख आहेस ना, उगाच तुला त्रास नको." अगदी प्रेमानं म्हणाले, त्यामुळे काही बोलताही आलं नाही. पण ते मनातून जात नाहीये.

तर प्रश्न असा: अशा चाचणीतून तुम्हाला स्वतःबद्दल नवीन काही कळलं का? आणि बरोबरच्या लोकांसोबत काम करणं सोपं झालं की अवघड?

चिंगी
वाचतेय. आमच्याकडे पुढच्या आठवड्यात आहे हे.

गवती_चहा
आमच्याकडे लग्न ठरवताना गण बघतात. देवगण, मनुष्यगण, राक्षसगण. तीनच प्रकार, त्र्याण्णव प्रश्न नाहीत, आणि निकाल गुरुजी पाच मिनिटांत देतात. :)

चिंगी
@गवती_चहा, हसू नका, दक्षिण कोरियात तरुण मुलंमुली पहिल्या भेटीत एकमेकांना एमबीटीआयची चार अक्षरं विचारतात!

मनोमय
ओवी, मी चौदा वर्षं समुपदेशन करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एमबीटीआय कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इसाबेल मायर्स या दोघींनी तयार केली. कार्ल युंगचं स्वभावप्रकारांवरचं पुस्तक १९२१चं, ते त्यांच्या हाती पडलं आणि त्यातून हे सुरू झालं. दोघींचं मानसशास्त्राचं औपचारिक शिक्षण नव्हतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बायका मोठ्या संख्येनं कामावर जायला लागल्या, त्यांना आपल्या स्वभावाला जुळेल असं काम सापडावं ही इसाबेलची इच्छा होती. हेतू फार चांगला होता, त्याबद्दल मला आदर आहे.

अडचण त्या चिकटपट्टीच्या रेघेत आहे. समजा वर्गातल्या मुलांची उंची मोजली आणि पाच फूट चार इंचांवर रेघ मारली. वरचे 'उंच', खालचे 'बुटके'. रेघेच्या अर्धा इंच वर असलेला आणि अर्धा इंच खाली असलेला ही दोन पोरं जवळपास सारखी, पण नाव वेगळं. आणि सव्वासहा फुटी पोरगा त्या पहिल्याच्या पंगतीत. स्वभावाचंही असंच आहे, बहुतेक माणसं मधेच कुठेतरी असतात. म्हणूनच काही आठवड्यांनी तीच चाचणी परत दिली की अनेकांचं एखादं अक्षर बदलतं. त्या दोघातिघांना "एक बाजू निवडा" म्हणणं मला पटलेलं नाही. ते बरोबर जागी उभे होते.

आणि मॅनेजरनी जे केलं ते चुकीचंच. ज्या कंपनीकडे या चाचणीचे हक्क आहेत ती स्वतःच सांगते की नोकरीसाठी निवड करायला ही वापरू नका. कोण काय करू शकतं हे ती मोजतच नाही. काय करायला आवडतं एवढंच विचारते. तुला बोलता येत नाही असं तुझ्या निकालात कुठेही लिहिलेलं नाही.

ओवी_७
@मनोमय, "बरोबर जागी उभे होते" हे वाक्य मी आमच्या टीममधल्या एकीला वाचून दाखवलं. ती त्या मधल्या तिघांतली. तिला खूप बरं वाटलं.

खडूफळा
मी कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. दर वर्षी जुलैत एक प्रयोग करते, मूळ प्रयोग बर्ट्रम फोररचा, १९४८चा. त्यानं ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली, आठवड्यानं प्रत्येकाला 'तुझं स्वभाववर्णन' म्हणून कागद दिला आणि किती जुळतंय त्याला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी आली ४.२६. मग उघड केलं की सगळ्यांना एकच मजकूर दिलाय, आणि तो बराचसा राशीभविष्याच्या पुस्तकातून घेतलाय.

मी तो मजकूर आपल्या पद्धतीनं लिहिलाय. "वरून तू शांत दिसतोस पण आत बरीच उलघाल चालते. घरच्यांना तुझी खरी किंमत अजून कळलेली नाही. एखादी गोष्ट मनाला लागली तर बोलून दाखवत नाहीस, पण विसरतही नाहीस." गेल्या वर्षी एका मुलीनं कागद वाचला, घडी घातली आणि कंपासपेटीत ठेवला. मी सगळ्यांना शेजाऱ्याचा कागद मोठ्यानं वाचायला सांगितला तेव्हा वर्गात आधी हशा, मग शांतता. तास संपल्यावर ती मुलगी आली आणि म्हणाली, "बाई, सगळ्यांचा तोच असला तरी माझ्याबद्दल ते खरंच आहे."

तेव्हापासून मी प्रयोगानंतरचा पूर्ण तास बोलण्यासाठी ठेवते. वाक्य सगळ्यांना लागू पडत होतं, पण त्या वाक्यापाशी थांबायची गरज तिला होती.

सांजवात
खडूफळा, तुमच्या त्या मुलीसाठी लिहितेय.

मला लहानपणापासून घरात 'घुमी' म्हणायचे. पाहुणे आले की मी माळ्यावरच्या खोलीत. आत्या म्हणायची, "ही माणूसघाणी होणार." लग्नानंतर सासरीही तेच, फक्त शब्द सौम्य. बत्तिसाव्या वर्षी ऑफिसात चाचणी दिली आणि कुणीतरी पहिल्यांदा सांगितलं की माणसांत राहून दमणं हा आजार नाही, आणि माणसं आवडत नाहीत असाही त्याचा अर्थ नाही. मी स्वच्छतागृहात जाऊन रडले.

शास्त्रीय दृष्ट्या चाचणी कच्ची असेल, मान्य. पण मला 'माणूसघाणी'च्या जागी एक बरा शब्द मिळाला. त्यामुळे चाचण्यांना सरसकट नावं ठेवलेली मला आवडत नाहीत.

मनोमय
@सांजवात, तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं. नाव कोण ठेवतं आणि कशासाठी ठेवतं यावर सगळं आहे.

बल्ली_दोर
मी एसएसबीला (सैन्यातल्या अधिकारी पदासाठीच्या निवडीला) दोनदा जाऊन आलोय. एकदा भोपाळ, एकदा अलाहाबाद (आता प्रयागराज). पाच दिवस असतात. तिथे एका चाचणीवर कुणी विसंबत नाही. मानसशास्त्रज्ञ तुमचं लिखाण बघतो, मुलाखत घेणारा बोलणं ऐकतो आणि जीटीओ (गटाच्या चाचण्या घेणारा अधिकारी) मैदानावर काम बघतो. मनसा, वाचा, कर्मणा. तिघं आपापलं मत वेगवेगळं बनवतात आणि शेवटच्या दिवशी एकत्र बसतात.

लिखाणात शब्द दाखवतात, साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद, मनात येईल ते वाक्य लिहायचं. पहिल्या वेळी मी क्लासमधून पाठ करून गेलो होतो. 'फेल्युअर' दिसलं की 'यशाची पायरी', ठरलेलं. तिसाव्या शब्दानंतर पाठांतर संपलं आणि मग जे खरं होतं ते यायला लागलं. मला वाटतं त्यांना ते तिसावं वाक्य आणि एकतिसावं वाक्य यांच्यातला फरक स्वच्छ दिसला असेल.

पण मला स्वतःबद्दल कळलं ते मैदानावर. फळी, बल्ली (लाकडी वासा) आणि दोर देतात, लाल रंगाच्या भागाला कुणी हात लावायचा नाही, आणि सगळ्या गटाला सामानासकट पलीकडे न्यायचं. मी सतत कल्पना सांगत होतो. "असं करू, नाही, तसं करू." आमच्यात सांगलीकडचा एक मुलगा होता, दोन दिवसांत दहा वाक्यं बोलला नसेल. त्यानं बल्ली उचलली, टेकवली, वर बसून तोल बघितला आणि हात पुढे केला, "ये." सगळे त्याच्या मागून गेलो. मीसुद्धा. त्याची निवड झाली, माझी नाही.

आज मी चाकणला एका कारखान्यात शिफ्ट बघतो. लाइन बंद पडली की आधी तोंड बंद ठेवतो आणि कोण काय उचलतोय ते बघतो. हे मला त्या मुलानं शिकवलं.

चिंगी
दंडवत. हा प्रतिसाद जपून ठेवलाय.

आर्याची_आई
थोडं अवांतर. मुलगी दहावीला आहे. तिची अशी चाचणी करून घ्यावी का? लोक कल चाचणी म्हणतात ती हीच का?

मनोमय
नाही, ती वेगळी. कल चाचणीत आवड आणि क्षमता बघतात: आकडे, भाषा, आकृत्या वगैरे. ठाण्याला आयपीएच, पुण्यात ज्ञानप्रबोधिनी या संस्था बरीच वर्षं हे काम करत आल्यात. कुठेही करा, पण अहवाल घरी आणून फडताळात ठेवू नका, समुपदेशकासोबत बसून बोला, आणि मुलीला त्या बोलण्यात घ्या. जास्त विचारायचं असेल तर वेगळा धागा काढा, मी तिकडे लिहीन.

उत्तरवारा
आइंडहोवनहून. आमच्याकडे चार रंगांची चाचणी झाली, लाल-पिवळा-हिरवा-निळा. मी हिरवा आलो: शांत, जुळवून घेणारा. घरी बायकोला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. मित्रांच्यात मी मैफल रंगवणारा माणूस!

मग लक्षात आलं, मराठीत मी पिवळा (म्हणजे बोलका) आहे आणि इंग्रजीत हिरवा. मराठीत विनोद तोंडातून आपोआप बाहेर पडतो. इंग्रजीत वाक्य मनात जुळवून होईस्तोवर डच सहकारी पुढच्या मुद्द्यावर गेलेले असतात, ते फार सडेतोड आणि पटपट बोलतात. प्रश्न होता, "बैठकीत तुम्ही आधी बोलता की ऐकता?" मी ऐकतो. पण तो माझा स्वभाव आहे की माझी तिसरी भाषा, हे चाचणीला कसं कळणार?

टीमलीडला हे सांगितलं. तिनं एक साधी गोष्ट केली, बैठकीचे मुद्दे आदल्या दिवशी पाठवायला लागली. आता मी पहिल्या पाच मिनिटांत बोलतो. निकालपत्रावर अजून हिरवाच आहे.

गवती_चहा
उत्तरवारा, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. माझी आई शाळेत मुख्याध्यापिका, तिथे करारी. माहेरी गेली की धाकट्या बहिणीसारखी खिदळते. कुठली आई मोजायची?

खडूफळा
यावरून आठवलं. आज सगळ्यात भरवशाचा मानला जातो तो पाच गुणांचा आराखडा मुळात शब्दकोशातून आला. १९३६ साली ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट या दोघांनी इंग्रजी शब्दकोश चाळून माणसाचं वर्णन करणारे जवळजवळ १८,००० शब्द गोळा केले. तर्क असा की स्वभावातली जी गोष्ट महत्त्वाची असते तिच्यासाठी लोक शब्द तयार करतातच. पुढच्या अनेक संशोधकांनी ते शब्द चाळत, गटात बसवत पाच मुख्य गुणांपर्यंत आणले: नव्याची ओढ, काटेकोरपणा, बहिर्मुखता, सौजन्य आणि भावनिक अस्थिरता.

मला नेहमी वाटतं, हे मराठी शब्दांवरून सुरू झालं असतं तर काय हाती आलं असतं?

बल्ली_दोर
सुरू करतो. चेंगट.

चिंगी
खवचट! आतल्या गाठीचा!

सांजवात
हळवा, सोशीक, मनकवडी.

गवती_चहा
धांदरट, वेंधळा, उतावळा, हे तिन्ही वेगवेगळे बरं का. उतावळा आधी निघतो, धांदरट किल्ली विसरून निघतो, वेंधळा दुसऱ्याच्या चपला घालून निघतो. :)

उत्तरवारा
तुसडा. हेकट. तऱ्हेवाईक. आणि आजोबांचा आवडता शब्द, कोडगा.

चिंगी
समर्थांनी तर दासबोधात मूर्खाची लक्षणं सांगायला अख्खा समास दिलाय, आणि पढतमूर्खासाठी आणखी एक वेगळा. शिकलेल्या माणसाचा मूर्खपणा निराळा असतो हे त्यांना तेव्हाच दिसलं होतं.

जुनी_पासबुकं
बँकेत चौतीस वर्षं काढली, शेवटची नऊ शाखाधिकारी म्हणून. वरच्या यादीत एक शब्द राहिला, आणि तो माझ्या मते या धाग्याच्या मुळाशी आहे: भिडस्त.

नीट बघा, भिडस्त माणूस एकटा असताना भिडस्त नसतो. समोर कुणीतरी लागतं. घुमा एकटाही घुमा असतो, हळवा सिनेमा बघतानाही हळवा असतो. भीड मात्र दोघांच्या मधे असते. आपल्या भाषेनं तिच्यासाठी वेगळा शब्द ठेवलाय, आणि 'भीड भिकेची बहीण' असा इशाराही देऊन ठेवलाय.

शाखेत माझ्या हाताखाली एक कॅशियर होता. शांत. सगळे म्हणायचे अबोल आहे, एकटा ठेवा. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात प्रत्येक सहकारी आपली शेवटची चलनं त्याच्या काउंटरवर ठेवून जायचा, "एवढं बघ ना." हा साडेसातपर्यंत नोटा मोजत बसायचा. मला कळायला दीड वर्ष लागलं की तो अबोल नव्हता. त्याला नाही म्हणता येत नव्हतं. त्याला एकांत देऊन उपयोग नव्हता. मी दुपारी तीननंतर त्याच्या काउंटरवर दुसऱ्याची चलनं ठेवायची नाहीत असा नियम केला आणि तो नियम मी स्वतः सांभाळला. महिन्याभरात गडी जेवणाच्या सुट्टीत गप्पा मारायला लागला.

ओवी, तुमची पहिली पोस्ट मी पुन्हा वाचली. साडेचार ते सव्वासहा. आणि "काही बोलताही आलं नाही." राग मानू नका, पण मला त्यात अंतर्मुखपणा दिसत नाही.

सांजवात
काका, हे वाचून पोटात खड्डा पडला. +१.

मनोमय
जुनी_पासबुकं, अगदी नेमकं. पाच गुणांत याच्या सगळ्यात जवळ 'सौजन्य' येतं, पण ते काही पूर्ण भीड नव्हे. आणि अंतर्मुखतेपासून ते स्वतंत्र आहे. गप्पिष्ट माणूसही जबर भिडस्त असू शकतो, मी रोज बघते.

लाटी
आमच्या गावात बचत गट आहे, बारा बायका, उन्हाळ्यात उडदाचे पापड करतो. चाचणी वगैरे काही नाही. पहिल्या वर्षी सगळ्यांनी सगळं करायचं ठरवलं आणि भांडणं झाली. दुसऱ्या वर्षी आपोआप लागलं: जिला एका जागी बसवत नाही ती वाळवणावर, पाखरं हाकायला आणि पापड उलटायला. जिचा हात एका मापाचा ती लाट्या करते. बोलकी दुकानदाराकडे जाते. हिशेब मी लिहिते.

पण एक सांगते. वाळवणावरची होती ती तिसऱ्या वर्षी म्हणाली, "मला लाटायचंय, दर वर्षी उन्हातच का मी?" आम्ही म्हटलं, तुला जमणार नाही, तुझा स्वभाव नाही. ती लाटायला बसली. पहिले दोन दिवस पापड वाकडे, तिसऱ्या दिवसापासून कागदासारखे. दोन वर्षं आम्ही तिला विचारलंच नव्हतं.

ओवीताई, तुम्हाला तरी कुणी विचारलं का?

बल्ली_दोर
लाटीताई, तुमचा पत्ता कळवा, पापडांची ऑर्डर द्यायचीय.

उत्तरवारा
यावरून एक पुरवणी. मेरेडिथ बेल्बिन यांनी इंग्लंडमध्ये हेन्लेला व्यवस्थापकांचे गट करून त्यांना स्पर्धेचे खेळ दिले होते. एक गट मुद्दाम सगळ्यात हुशार लोकांचा केला, त्याला अपोलो नाव दिलं. असे गट बऱ्याचदा मागे पडायचे. सगळे एकमेकांचे मुद्दे खोडण्यात गुंग, साधी कामं करायला कुणी नाही. १९८१च्या पुस्तकात त्यांनी हे मांडलं. लाट्या करणारी लागतेच.

ओवी_७
उशिरा येतेय, तीन आठवडे झाले. जुनी_पासबुकं काका, राग अजिबात नाही आला. तुमचा प्रतिसाद वाचून त्या रात्री झोप लागली नाही एवढं खरं.

मी स्वतःशीच मोजत गेले. शाळेत नाटकात होते, वक्तृत्वाच्या दोन ढाली घरात आहेत. मंचावर मला कधीच भीती वाटली नाही. भीती वाटते ती एका माणसासमोर, तो काहीतरी मागतोय आणि मला नको म्हणायचंय, तेव्हा. त्र्याण्णव प्रश्नांत हा प्रश्न माझ्यापर्यंत आलाच नाही, आणि मीही शांत असणं म्हणजे हेच असं धरून चालले होते.

लाटीताई, नाही, कुणी विचारलं नव्हतं. मग मीच गेले मॅनेजरकडे. म्हटलं, आकडे माझे आहेत तर सादरही मीच करेन. ते थोडे गोंधळले, म्हणाले, "मला वाटलं तुला सोपं करतोय." या तिमाहीचं झालं ते झालं, पुढचं माझ्याकडे आहे. सप्टेंबरमध्ये.

'म'शीही बोलले. तो म्हणाला, "दोन वर्षं झाली, आधी का नाही सांगितलंस? मला वाटायचं तुला आपली चर्चा आवडते." खरं तर आवडतेच, साडेचारला नको असते. सकाळी अकरा ठरवलं.

लाटी
मग येतो का अकराला?

ओवी_७
सोमवार ते बुधवार आला. काल परत साडेचारला लॅपटॉप घेऊन उभा. "दोनच मिनिटं." मी "उद्या अकरा" म्हटलं. आवाज थोडा कापला, पण म्हटलं. तो हसून परत गेला आणि मी सहाला घरी निघाले.